यूकेत असायलमचा दुसरा अर्जही नाकारला, आता कोर्टात जायचंय: ठाण्यातल्या घरच्यांनी काय करायचं, कसं करायचं

मी ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ भाषांतराचं काम करते, मराठीचं इंग्रजी, बहुतेक पोलिसांचे आणि कोर्टाचे कागद. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशी घरं यायला लागलीत ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी यूकेत आहे, तिथे असायलम म्हणजे आश्रय मागितला, तो नाकारला, अपील हरले, मग नवीन पुरावे जोडून परत मागितला, तोही नाकारला आणि आता तिथला सॉलिसिटर, म्हणजे वकील, म्हणतो की जेआर करू, इकडून कागद पाठवा. जेआर म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू. कळवा, ऐरोली, घणसोली, कुठूनकुठून लोक येतात आणि सगळ्यांची एकच अडचण, कुठले कागद, कशासाठी, कधीपर्यंत आणि तिकडे कोर्ट नक्की काय बघणार, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, केसचा सल्ला तिथल्या सॉलिसिटरकडूनच घ्यायचा, पण इकडची बाजू माझ्या रोजच्या हातातली आहे आणि तिकडचे निकाल मला वाचावे लागतात, नाहीतर भाषांतर चुकतं.

मागच्या पावसाळ्यात कळव्याहून एक काकू आल्या. मुलाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलेलं, मुलीकडच्यांनी मारहाण केली, धमक्या दिल्या, दोघं निघून गेले आणि आता लेस्टरला आहेत. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद, पावसाने कडा ओल्या झालेल्या, आणि त्या मला म्हणाल्या, "ताई, आता कोर्टात गेलंय म्हणजे जजसाहेब सगळं पहिल्यापासून बघतील ना, मग हे पुडकं असंच पाठवते." मला त्यांना सांगताना जड गेलं पण सांगावं लागलं की काकू, नाही बघणार.

हेच सगळ्यात आधी समजून घ्या. ज्युडिशियल रिव्ह्यूत जज हे ठरवत नाही की तुमच्या मुलाच्या जिवाला धोका आहे की नाही. जज एवढंच बघतो की होम ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या गृहखात्याच्या, अधिकाऱ्याने जो निर्णय दिला तो कायद्याला धरून दिला का, समोर असलेले कागद नीट वाचले का, योग्य तो प्रश्न स्वतःला विचारला का. म्हणून जो कागद त्या अधिकाऱ्यापुढे कधी गेलाच नाही तो साधारणपणे या कोर्टातही चालत नाही. तुमची लढाई एका पत्राशी आहे, नाकारल्याच्या पत्राशी, आणि तुम्ही पाठवाल तो प्रत्येक कागद त्या पत्रातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीला उत्तर देणारा पाहिजे.

आता गाडी इथपर्यंत येते कशी ते थोडक्यात. पहिला अर्ज नाकारला की बहुतेकांना फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे अपील करता येतं, तिथे जज साक्ष ऐकतो, प्रश्न विचारतो, विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. तेही संपलं की नवीन कागद घेऊन होम ऑफिसला फर्दर सबमिशन्स देता येतात. त्यांच्या इमिग्रेशन रुल्समधला परिच्छेद ३५३ इथे लागतो. अधिकारी आधी बघतो की या नव्या कागदांवर राहायची परवानगी द्यायची का, आणि नाही म्हणायचं ठरवलं तर दुसरा प्रश्न येतो, हा फ्रेश क्लेम, म्हणजे नव्याने केलेला दावा, आहे का. फ्रेश क्लेम व्हायला दोन गोष्टी लागतात, मजकूर आधी विचारात घेतलेला नसावा, आणि जुन्या सगळ्या मजकुरासोबत धरला तर ट्रायब्युनलपुढे जिंकायची खरीखुरी शक्यता दिसावी. फ्रेश क्लेम मानला तर नाकारल्यावरही अपील मिळतं. नाही मानला तर अपील नाही, हे २०१९ मध्ये यूकेच्या सुप्रीम कोर्टाने रॉबिन्सन केसमध्ये स्पष्ट केलंय, आणि मग उरतो तो फक्त जेआर. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो अप्पर ट्रायब्युनलच्या इमिग्रेशन अँड असायलम चेंबरमध्ये करतात. मुलगा ग्लासगोला असेल तर वाट वेगळी, तिथे एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये जावं लागतं, वकीलही स्कॉटलंडचाच लागतो.

काहींच्या पत्रात सेक्शन ९४ असं लिहिलेलं असतं. भारत २००५ पासून त्या कलमातल्या साधारण सुरक्षित मानलेल्या देशांच्या यादीत आहे, म्हणजे भारतातून आलेला अर्ज उघडच निराधार आहे असा शिक्का ते मारू शकतात, आणि तसा शिक्का असेल तर पहिल्या नकारालाही जेआरच करावा लागतो. पत्रात कुठलं कलम लावलंय ते बघूनच सॉलिसिटरशी बोला, दोन्हीतलं बोलणं वेगळं असतं.

सगळ्यात आधी तारीख. पत्राच्या पहिल्या पानावर जी निर्णयाची तारीख आहे तिथून जास्तीत जास्त तीन महिने, आणि नियमात तर लवकरात लवकर असंच लिहिलंय, तीन महिने ही शेवटची सीमा. लोकांना वाटतं पत्र हातात पडलं त्या दिवसापासून मोजायचं, किंवा मुलाने आपल्याला फोन करून सांगितलं तेव्हापासून, तसं नाही. शिवाय केस टाकण्याआधी होम ऑफिसला प्री-ॲक्शन लेटर पाठवायचं असतं, तुमचा निर्णय असा असा चुकीचा आहे, मागे घ्या नाहीतर आम्ही कोर्टात जातो, आणि त्यांना उत्तराला साधारण १४ दिवस देतात. ते १४ दिवस त्या तीन महिन्यांतूनच जातात, घड्याळ थांबत नाही. त्यात इकडून कुरिअर, त्यात भाषांतर, त्यात नक्कल मिळायला लागणारे दिवस, म्हणून पत्र आल्याबरोबर मुलाला सांगा की पहिल्या दिवशीच पूर्ण पत्राचे फोटो पाठव, सगळी पानं, शेवटची बारीक अक्षरातलीसुद्धा. घरी कॅलेंडरवर ती शेवटची तारीख लिहा आणि तिच्या दीड महिना आधीची तारीखही लिहा, इकडचं सगळं काम त्या आधीच्या तारखेला संपायला हवं.

मग वही घ्या. होम ऑफिसच्या पत्रात परिच्छेदांना नंबर असतात. काकूंच्या वेळी आम्ही शंभर पानी वही घेतली, डाव्या पानावर परिच्छेदाचा नंबर आणि तो काय म्हणतो ते साध्या मराठीत, उजव्या पानावर आपल्याकडे त्याला काय उत्तर आहे, तो कागद होम ऑफिसला आधीच दिला होता का, आणि दिला असेल तर कुठल्या तारखेला. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण उजव्या पानावर "दिला होता" असं आलं आणि डावीकडे पत्रात त्याचा उल्लेखच नसेल, तर तिथे वकिलाला मुद्दा सापडतो, दिलेला कागद वाचलाच नाही. काकूंच्या पुडक्यात शेजारच्या दुकानदाराचं प्रतिज्ञापत्र होतं, त्यानेच मारहाण डोळ्यांनी पाहिलेली, ते सबमिशन्ससोबत गेलेलं होतं आणि बावीस परिच्छेदांच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नव्हता. सॉलिसिटरच्याही आधी नजरेतून सुटलं होतं, वहीमुळे सापडलं.

आणि उजवीकडे "दिला नव्हता" आलं तर? मग तो कागद कितीही जोरदार असला तरी जेआरमध्ये घुसवायचा प्रयत्न करू नका. तो नवीन फर्दर सबमिशन्स म्हणून द्यायचा की आधी जेआर लढायचा हे सॉलिसिटर ठरवेल, तुम्ही फक्त त्याला लगेच कळवा की असा कागद आहे, आणि तो कधी मिळाला, आधी का नाही मिळाला, हे तारखेसकट लिहून द्या. उशिरा आलेल्या कागदावर ते लोक संशय घेतात, त्यामुळे उशिराचं खरं कारण कागदाइतकंच मोलाचं आहे. पोलीस प्रत देत नव्हते तर कितीदा गेलात, कधी गेलात, सोबत कोण होतं, लिहा.

जेआरमध्ये वकील साधारण काय मुद्दे मांडतात हे घरच्यांना माहीत असलं तर कागद गोळा करणं सोपं जातं म्हणून सांगते. एक तर वर म्हटलं तसं, कागद वाचलाच नाही. दुसरं, अधिकाऱ्याने चुकीचा प्रश्न विचारला. २००६ मध्ये तिथल्या कोर्ट ऑफ अपीलचा डब्ल्यूएम डीआरसी म्हणून ओळखला जाणारा निकाल आहे, त्यात म्हटलंय की अधिकाऱ्याने स्वतःला पटलं की नाही एवढ्यावर थांबायचं नाही, कोणी इमिग्रेशन जज हे सगळं नीट बघून तुमच्या बाजूने निकाल देऊ शकेल का हे बघायचं, आणि जिवाशी खेळ असल्यामुळे अतिशय काळजीने, डोळ्यांत तेल घालून बघायचं. ती पायरी फार उंच नाही. पण पत्रात जर नुसतंच "माझा यावर विश्वास नाही" असं असेल आणि जज काय म्हणू शकेल हे कुठेच नसेल तर वकील तिथे बोट ठेवतो. अर्थात कोर्टही स्वतःचं मत अधिकाऱ्याच्या जागी ठेवत नाही, निर्णय तर्काला सोडून आहे का, काळजीने बघितलंय का, एवढंच तपासतं.

तिसरं म्हणजे पहिल्या जजचा निकाल. २००२ च्या देवसीलन निकालापासून तिथे अशी पद्धत आहे की पहिल्या अपीलात जजने जे मत दिलं ते पुढच्या वेळी सुरुवातीचं ठिकाण धरायचं. म्हणजे पहिल्या वेळी मुलगा खोटं बोलतोय असं जजने लिहिलं असेल तर ते सावलीसारखं मागे येतं. पण ते फक्त सुरुवातीचं ठिकाण आहे, नवीन आणि स्वतंत्र पुरावा आला की तिथून पुढे जाता येतं. म्हणून घरच्यांच्या पत्रांपेक्षा बाहेरच्या कागदांवर जोर द्या.

आता बाहेरचे कागद म्हणजे कुठले, इथे मी जरा जास्त वेळ घेणारे कारण आपल्या हातात हेच आहे.

पोलिसांचा कागद पहिला. तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळायला हवी, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्येही ते आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकायला सांगितलंय, नाजूक गुन्हे सोडून, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर आधी शोधा, तिथून डाऊनलोड केलेल्या प्रतीला एक फायदा असतो, लंडनमध्ये बसलेल्या माणसालाही ती पडताळता येते. पण आपल्याकडे अशा धमक्यांचं बहुतेक वेळा एफआयआर होतच नाही, एनसी होते, आणि घोडं इथेच अडतं. जून २०२४ पर्यंतच्या एनसीवर भादंवि ३२३, ५०४, ५०६ एवढं लिहिलेलं असायचं, आता नव्या कायद्याची कलमं असतात, आम्ही त्याचं इंग्रजी करून पाठवतो, तिकडचा अधिकारी वाचतो आणि पत्रात लिहितो की पोलिसांनी तक्रार नोंदवली, म्हणजे भारतात पोलीस संरक्षण मिळतं. आपल्याला माहीत आहे की एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपासच करत नाहीत, कागद हातात देतात आणि घरी पाठवतात. हे त्या अधिकाऱ्याला आपोआप कसं कळणार? म्हणून एनसीसोबत इथल्या वकिलाचं एक पानी पत्र लावा, एनसी म्हणजे काय, कुठल्या कलमाखाली, त्यावर पुढे काय होतं आणि काय होत नाही. एक पान पुरे, पण त्याशिवाय एनसी पाठवू नका, उलटी फिरते.

तक्रारीवर पुढे काय झालं हे माहिती अधिकारात विचारता येतं, ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, उत्तराला ३० दिवस, आणि माहिती कोणाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर कायद्यात ४८ तास आहेत. तपास चालू आहे म्हणून माहिती देत नाही असं उत्तर आलं तरी ते उत्तरही जपून ठेवा, तोही सरकारी कागद आहे आणि त्यावर तारीख आहे.

कोर्टात केस झाली असेल तर नक्कल काढा, साधी झेरॉक्स नको, शिक्क्याची नक्कल. ठाण्याला जिल्हा न्यायालयात नाहीतर बेलापूरला, केस जिथे असेल तिथे नक्कल विभागात अर्ज करायचा. आणि सीएनआर नंबर आठवणीने लिहून घ्या, १६ अक्षर-अंकांचा असतो, ई-कोर्ट्सच्या साईटवर टाकला की जगात कुठूनही केसची स्थिती दिसते. हा नंबर मी भाषांतराच्या पहिल्या पानावर ठळक टाकते. याचं कारण असं की २००२ मध्ये तिथे तन्वीर अहमद नावाचा निकाल झाला, पाकिस्तानातल्या कागदांवरून, त्यात म्हटलंय की कागद विश्वासार्ह आहे हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची, आणि कागद एकटा न बघता बाकी पुराव्यासोबत बघायचा. म्हणजे कागद खोटा आहे असं होम ऑफिसने सिद्ध करायची गरज नाही, खरा आहे हे आपणच दिसू द्यायचं. त्यासाठी इथल्या वकिलाने स्वतः कोर्टाची फाईल बघून दिलेलं पडताळणीचं पत्र, त्यात सनद नंबर, कुठल्या दिवशी फाईल बघितली ते, हे फार कामाला येतं. नोटरीचा शिक्का किंवा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात वापरायचा सरकारी शिक्का, यावर लोक पैसे घालतात, पण त्याने आतला मजकूर खरा ठरत नाही.

प्रतिज्ञापत्रांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आई, बाबा, आत्या, शेजारी, चौघांची प्रतिज्ञापत्रं एकाच टायपिस्टने एकाच मजकुरात काढायची ही आपल्याकडची सवय आहे आणि तिने पोरांच्या केसची वाट लागते. प्रत्येकाने स्वतः जे पाहिलं, ऐकलं तेवढंच, आपल्या शब्दांत. आई स्वयंपाकघरात होती आणि तिला फक्त दारावर लाथा ऐकू आल्या तर तेवढंच लिहा, कोयता बघितला असं लिहू नका. घरच्यांचे शब्द म्हणून अधिकारी बऱ्याचदा सेल्फ-सर्व्हिंग, म्हणजे आपल्याच फायद्याचं बोलणं, असं लिहून बाजूला सारतो, पण २०१७ मध्ये अप्पर ट्रायब्युनलनेच म्हटलंय की नुसता तो शब्द वापरून काही होत नाही, थोडक्यात का होईना कारण द्यायला हवं. तर कारण सापडू देऊ नका.

आणखी दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात. पोलीस संरक्षण देतील की, आणि दुसऱ्या शहरात जाऊन राहा की. पहिल्याबद्दल वर बोलले. दुसरा आपल्या केसेसमध्ये सगळ्यात जड जातो, कारण भारत एवढा मोठा, ते सरळ लिहितात की पुण्यात नाहीतर बंगळुरूला जाऊन राहा. तिथल्या कायद्यात प्रश्न असा आहे की त्या दुसऱ्या जागी धोका आहे का, आणि नसला तरी तिथे राहायला सांगणं या माणसाच्या बाबतीत अवाजवी कठोर आहे का. तेव्हा घरच्यांनी हे आठवून लिहावं की ते दोघं आधी कुठे कुठे जाऊन राहिले, तिथे कोणी शोधत आलं का, कसा पत्ता लागला. काकूंचा मुलगा आणि सून निघून जायच्या आधी दोन महिने नाशिकला होते आणि तिथे मुलीचे मामा पोचले होते, भाडेकरार होता, घरमालक सांगायला तयार होता, पण हे कोणी विचारलंच नव्हतं म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं! पहिल्या अर्जात नाही, अपीलात नाही. असं काही तुमच्याकडे असेल तर आजच बाहेर काढा.

भाषांतराबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्याच एका घराच्या तक्रारीत "मुलीचा भाऊ" असं लिहिलं होतं, मी सरळ ब्रदर केलं. मुलाने मुलाखतीत कझिन म्हटलेलं, आणि तेच खरं होतं, चुलत भाऊ होता, आपण बोलताना भाऊच म्हणतो. नकाराच्या पत्रात एक अख्खा परिच्छेद त्यावर आला की अर्जदाराच्या बोलण्यात आणि तक्रारीत मेळ नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. मी दुसऱ्या दिवशी सहीचं स्पष्टीकरण लिहून दिलं की मूळ शब्द काय, मराठीत तो कसा वापरतात, चूक माझी, आणि ते नव्या सबमिशन्ससोबत गेलं. तेव्हापासून भाऊ, काका, मामा, वहिनी असा शब्द आला की मी आधी घरच्यांना विचारते सख्खा की चुलत, आणि खाली टीप टाकते. तुम्हीही भाषांतर करणाऱ्याला हे आपणहून सांगा. तसंच तारखा, ०४/०७ म्हणजे चार जुलै, महिना अक्षरात लिहून घ्या. आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे, सुनेचं लग्नाआधीचं नाव वेगळं असेल तर ती एकच व्यक्ती आहे हे एका ओळीत. भाषांतराच्या शेवटी करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क आणि हे भाषांतर अचूक आहे असं विधान लागतंच, नसेल तर तो कागद तिकडे बाजूला पडतो.

व्हॉट्सॲपच्या धमक्या असतील तर स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, नंबर दिसला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कागद पाठवले तर कुरिअरचं पाकीट आणि पावती दोन्हीकडे जपा, कागद कुठून कसा आला हे विचारलं जातं आणि पाकीट हेच त्याचं उत्तर. पाठवण्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन, मागचा शिक्कासुद्धा.

केस टाकल्यावर काय होतं ते पटकन. होम ऑफिसला त्यांचं म्हणणं मांडायला २१ दिवस असतात, प्रत्यक्षात जास्तही लागतात. मग जज आधी फक्त कागदांवर ठरवतो की पुढे न्यायची परवानगी द्यायची का. नाही म्हणाला तर तोंडी सुनावणी मागायला ९ दिवस, फारच थोडे, त्यामुळे या काळात मुलाने फोन बंद ठेवायचा नाही आणि पत्ता बदलला तर सॉलिसिटरला त्याच दिवशी कळवायचं. अगदीच निराधार असं लिहून नाकारलं तर ती तोंडी सुनावणीसुद्धा मिळत नाही. परवानगी मिळाली तर पूर्ण सुनावणी, पण बऱ्याचदा त्याआधीच होम ऑफिस निर्णय मागे घेऊन परत बघायला तयार होतं आणि दोन्ही वकील सहमतीचा आदेश करतात. जिंकलात तरी मिळतं ते एवढंच, जुना निर्णय रद्द, आता नव्याने ठरवा. राहायची परवानगी जज देत नाही. नवा निर्णय परत नकाराचा येऊ शकतो, हे पेढे आणायच्या आधी माहीत असू द्या.

एक गोष्ट जी मला फार घाबरवते, जेआर टाकला म्हणजे परत पाठवणं आपोआप थांबलं असं नाही. विमानाची तारीख हातात पडली असेल तर ते थांबवायचा अर्जंट अर्ज वेगळा करावा लागतो. मुलाला ताब्यात घेतलं किंवा तसं पत्र आलं तर तासाभरात सॉलिसिटरला कळलं पाहिजे, इकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी तुम्ही फोन करा, मुलाच्या हातात फोन असेलच असं नाही. म्हणून सॉलिसिटरचा नंबर, केसचा नंबर आणि होम ऑफिसचा रेफरन्स हे तिन्ही इकडे घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा.

पैशांचं म्हणाल तर इंग्लंड-वेल्समध्ये असायलमच्या कामाला लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, आहे, उत्पन्न आणि केसमध्ये किती दम आहे हे बघून मिळतं, मुलाने आधी तेच विचारावं. कोर्टाच्या फीमध्येही कमी उत्पन्नाला सवलतीचा अर्ज करता येतो. लीगल एड नसताना हरलात तर समोरच्याचा खर्च भरायची वेळ येऊ शकते, हे सॉलिसिटरकडून लेखी समजून घ्या. इकडे दागिने गहाण ठेवून एजंटला पैसे देऊ नका. यूकेत इमिग्रेशनचा सल्ला द्यायला नोंदणी लागते, १९९९ च्या कायद्याने बिननोंदणीचा सल्ला गुन्हा आहे, नोंदणी बघणारी संस्था जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी या नावाने चालते, तिची यादी ऑनलाईन दिसते, सॉलिसिटर असेल तर त्यांच्या नियामकाच्या यादीत नाव बघा. स्टेशनबाहेर ऑफिस थाटून "एफआयआर पण बनवून देतो" म्हणणारे आहेत, माझ्या समोर दोन घरं अशी फसलीत. असा एक बनावट कागद गेला की बाकीचे दहा खरे कागदही संशयात जातात, आणि जेआरमध्ये तर आपल्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही कोर्टापासून लपवायच्या नसतात. मुलाने पहिल्या मुलाखतीत काही चुकीचं सांगितलं असेल तर ते सॉलिसिटरला आधी सांगू द्या, भीतीपोटी का होईना जे बोलला ते आता सरळ करता येतं.

काकूंच्या केसमध्ये दुकानदाराच्या प्रतिज्ञापत्राचा मुद्दा प्री-ॲक्शन लेटरमध्येच घातला होता, उत्तर नकाराचं आलं, मग जेआर टाकला आणि परवानगी मिळाल्यावर होम ऑफिसने निर्णय मागे घेतला. आता नव्या निर्णयाची वाट बघतायत आणि हा काळ रिकामा जाऊ द्यायचा नसतो, कारण अधिकारी ज्या दिवशी ठरवेल त्या दिवसापर्यंत पोचलेला कागद त्याला बघावा लागतो. नाशिकच्या घरमालकाचं प्रतिज्ञापत्र गेलं. गेल्या आठवड्यात मुलीचे मामा परत दारात येऊन गेले, काकू दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस ठाण्यात गेल्या आणि नव्या एनसीची प्रत घेऊन थेट माझ्याकडे आल्या, यावेळी प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये. मी ती संध्याकाळपर्यंत केली, "मामा" ला टीप टाकली, सख्खे, आईचे थोरले भाऊ, आणि रात्री स्कॅन लेस्टरला गेला.